मेआयकमिनसर : चौथीच्या वर्गातल्या मोडल क्रियापदांच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. चौथीच्या पटावर एकोणीस, हजर अकरा. बाकीचे कापसात. अमळनेर तालुक्यात या दिवसांत वेगळं काही होत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते, मग घरातले छोटे हातही हिशेबात धरले जातात. हजेरी घेताना कुणाचं नाव आलं की बाकीची पोरं आपणहून सांगतात, "सर, कापूस."

यंदा कृतिसंशोधनाला, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गावर करायच्या अभ्यासाला, इंग्रजीतली कॅन, मे, मस्ट, शुड ही मोडल, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला जोडून येणारी, क्रियापदं घेतली आहेत. विषय दारातच सापडला. एक जण पाणी पिऊन परत आला आणि उंबऱ्यावर थांबून एका दमात म्हणाला, "मेआयकमिनसर." रोजच म्हणतो, सगळेच म्हणतात. आज मी विचारलं, "याचा अर्थ काय रे?"

"दारात म्हणायचं असतं, सर."

मागून एकीचं उत्तर आलं, "नमस्कार." दुसरा म्हणाला, "आत घ्या." त्यातल्या त्यात हाच जवळ गेला. मी पुढे विचारलं, "मग यातला 'मे' म्हणजे काय?" एकमुखाने उत्तर आलं, "सुट्टी!"

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली. म्हणजे या पोरांना माझ्यापेक्षा चार वर्षं आधी इंग्रजी मिळालं. मात्र ते वाक्य त्यांच्याकडे मंत्रासारखं आलंय. मंत्राचा अर्थ कुणी विचारत नाही, नुसता म्हणायचा.

शेवटच्या तासाला फळ्यावर तक्ता काढून दिला. कॅन म्हणजे शकतो. मे म्हणजे परवानगी. मस्ट म्हणजे पाहिजेच. शुड म्हणजे पाहिजे. सगळ्यांनी नीट उतरवून घेतला, दोघांनी तर लाल पेनने चौकटही मारली. मला फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

निवडणुकीचं काम. साहित्य घ्यायला तालुक्याला. शाळेची नोंद नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान झालं. परवापासून झोप नाही, डोळे चुरचुरतायत, पण तास घेतला. मतदान पोरांच्याही डोक्यात ताजं होतं, शाई लागलेली बोटं घरोघरी दिसत होती.

तास विचार करून आखलेला नव्हता, गप्पा मारता मारता झाला. विचारलं, "मतदान कोण करू शकतं?" अठरा पूर्ण झालेले. फळ्यावर लिहिलं, 'शी मे व्होट'. कायद्याने तिला तशी मुभा आहे. १९८९ पर्यंत ही मुभा एकविसाव्या वर्षी मिळायची, हेही सांगितलं. "मग माझ्या काकाला तेव्हा नसतं करता आलं," असा हिशेब एकाने लगेच केला.

"आणि केलंच पाहिजे का?" यावर वर्गात दोन तट पडले. निम्मे म्हणाले हो. एक मुलगी म्हणाली, "मनी आजी नही गई, तिले कोन काय म्हनं नही." बरोबर बोलली. आपल्याकडे मतदान सक्तीचं नाही. म्हणून 'शी शुड व्होट' आणि 'शी मस्ट व्होट' यांतलं पहिलंच लिहायचं. करावं, केलेलं चांगलं, नाही केलं तर शिक्षा नाही.

इतका साधा फरक तक्त्याने मात्र समजला नव्हता. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पूर्वचाचणी. प्रत्येकाने स्वतःबद्दल चार वाक्यं लिहायची, प्रत्येक क्रियापदाचं एक. वह्या घरी आणल्या, जेवण झाल्यावर तपासल्या. बायकोने दोनदा विचारलं, एकटेच काय हसताय म्हणून.

'आय शुड वन पेन.' हे सात वह्यांत. मला एक पेन पाहिजे. तक्त्यात मीच लिहून दिलंय, शुड म्हणजे पाहिजे. पोरांची काय चूक? मराठीत 'मला जायला पाहिजे' आणि 'मला पेन पाहिजे' या दोन्हीत शब्द तोच. तक्ता लिहिताना मला पहिलं वाक्य दिसत होतं, त्यांना दुसरं दिसलं. त्यांना पेन हवंच असतं.

'मी कॅन स्विम.' हे इंग्रजीतलं एम आणि ई. आपला 'मी' आणि त्यांचा 'मी' कानाला एकच, मग हात तेच लिहितो. ही चूक मी बारा वर्षं तपासतोय आणि दर वेळी नुसती लाल रेघ मारून पुढे जातोय.

'कॅन'पुढे एकाने सुबक चित्र काढलंय. दुधाची कॅन, झाकणासकट, कडीसकट. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत.

आणि सगळ्यांत आवडलेलं, 'यू मस्ट ड्रिंक मिल्क'. खाली मराठीत अर्थ, 'तू मस्त दूध पी'. वाक्य बिनचूक, अर्थ पूर्ण वेगळा. याला मी गुण दिले. चाचणीच्या तक्त्यात याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते अजून ठरलेलं नाही.

'ही कॅन्स', 'ही मस्ट्स' ही रूपं पाच जणांनी लिहिली. हे मात्र शहाण्या पोरांचं. ज्यांनी मागच्या महिन्यात 'ही रन्स, ही ईट्स' मन लावून पाठ केलं, तेच इथे फसले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार (रात्री)

हा 'एस' का लागत नाही, हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. 'मोडलला एस लागत नाही, अपवाद' एवढंच पाठ केलं होतं. कारण मात्र गमतीचं आहे. कॅन, मे, मस्ट, शॅल यांची मूळ रूपं जुन्या काळी भूतकाळाच्या साच्यातली. वापरता वापरता ती वर्तमानात आली, पण भूतकाळाचा अंगरखा अंगावर तसाच राहिला. भूतकाळात 'ही वेंट'ला एस लागत नाही, म्हणून 'ही कॅन'लाही नाही. आणि 'कॅन'चा जुना अर्थ होता 'जाणणे'. म्हणजे 'मला पोहता येतं'मधलं 'येणं' त्याच्या बरंच जवळचं आहे, तक्त्यातल्या 'शकतो'पेक्षा जवळचं.

मग आपल्या 'पाहिजे'कडे पाहिलं. मूळ धातू पाहणे. 'म्हणिजे'सारखं ते जुनं 'इजे' प्रत्ययाचं, 'पाहिलं जातं' अशा अर्थाचं रूप. आज त्याचा पाहण्याशी काही संबंध उरलेला नाही. मला पाहिजे, तुला पाहिजे, तिला पाहिजे, आम्हाला पाहिजे, कोणीही येवो ते जागचं हलत नाही. फार तर अनेकवचनात 'पाहिजेत' होतं. म्हणजे न बदलणारं, हट्टी क्रियापद आपल्याही घरात आहे. 'नये' हे दुसरं. पोरांना हे इतिहासाचं सांगणार नाही. पण 'पाहिजे जसं कुणासाठी बदलत नाही, तसं मस्ट' एवढं सांगता येईल.

तक्ता उद्या पुसायचा. वह्यांतला कसा पुसणार हा प्रश्न आहे, लाल चौकटीतला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

जुन्या लग्नपत्रिका कामाला आल्या. पाठच्या कोऱ्या बाजूला जाड मार्करने एकेक शब्द, वर भोक पाडून सुतळी, प्रत्येकाच्या गळ्यात एक. आय, यू, ही, शी, कॅन, मस्ट, स्विम, रन, नॉट. आणि नुसता 'एस' लिहिलेली एक पत्रिका वर्गातल्या सगळ्यांत बारक्या पोराच्या गळ्यात.

व्हरांड्यात रांग लावली. 'ही – रन' असे उभे राहिले की एसने पळत जाऊन रनला चिकटायचं. हे त्यांना माहीत होतं. मग मध्ये कॅन येऊन उभी राहिली. मुलगी आडदांड आहे, कबड्डीत असते. एस धावत आला आणि कॅनला चिकटायला गेला. तिने एका हाताने त्याला बाजूला केलं. तो वळसा घालून रनकडे गेला, तर तिने मागे हात करून तिथेही अडवलं. "मी आहे तोपर्यंत तू कुणालाच चिकटायचं नाही." हे मी शिकवलेलं नव्हतं. पण 'ही कॅन रन्स'ही चूक आणि 'ही कॅन्स रन'ही चूक, हा पुरा नियम तिने एका वाक्यात सांगून टाकला. एस बिचारा रडकुंडीला आला. त्याला शेवटी घंटा वाजवायला दिली.

मग प्रश्न. आपण मराठीत वाक्य तसंच ठेवून शेवटी 'का' जोडतो, म्हणून पोरं 'यू कॅन स्विम?' असं नुसता आवाज चढवून विचारतात. आता सांगितलं, प्रश्न आला की कॅनने उडी मारून यूच्या पुढे जायचं. पाच मिनिटांत व्हरांडाभर धूळ. शेजारच्या वर्गातून मॅडम बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

'कॅन यू स्विम?' याला खरी उत्तरं घेतली. इथली पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा बांधून. "मले पवता येस" म्हणणारे नऊ निघाले. त्यांनी एकेक करून 'आय कॅन स्विम' म्हटलं. 'मी'चा 'आय' करण्यासाठी प्रत्येकाने म्हणताना स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवायचं ठरवलं. व्याकरणाच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही, पण चाललं.

४ डिसेंबर, बुधवार

मस्ट आणि शुड. पोरांना गावातल्या पाट्या वहीत उतरवून आणायला सांगितल्या होत्या. आलेल्या पाट्या अशा : येथे कचरा टाकू नये. चप्पल बाहेर काढावी. आज रोख उद्या उधार. एसटीतली, हात बाहेर काढू नये. विजेच्या डीपीवरची धोक्याची कवटी एकाने चित्र म्हणून आणली, कारण खालची अक्षरं गंजली आहेत.

प्रत्येक पाटी इंग्रजीत घालताना मस्ट नॉट लावायचं की शुड नॉट? मराठीत दोन्हीकडे 'नये' आहे, त्यामुळे पाटी वाचून कळत नाही. मी समजावायला 'बंधन', 'सल्ला' असे शब्द काढले. चेहरे कोरे. तेवढ्यात म्हशीवाल्याने विचारलं, "सर, नाही ऐकलं तर काय होतं त्यावर आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मार बसला तर मस्ट, बोलणं बसलं तर शुड."

याहून सोपं मला सुचलं नसतं. वर्गाने लगेच पाट्या वाटून टाकल्या. डीपीला हात लावला तर जीव जाईल : मस्ट नॉट. बसबाहेर हात : मस्ट नॉट, वर्गाचं एकमत. कचरा : शुड नॉट, कारण कचरा टाकल्यावर गावात कुणी काही करत नाही असं त्यांचं निरीक्षण. मी म्हटलं मस्ट असायला हवं. ते म्हणाले, "हवं, पण नाहीये." चपलेवर वाद झाला. पुजारीबाबा कोणत्या दिवशी आहेत त्यावर ते अवलंबून आहे असं ठरलं.

'उधार'चं भाषांतर कुणी केलं नाही. मीही नाही.

शुडसाठी वहीतल्या लाल चौकटीत 'पाहिजे' खोडून 'केलेलं बरं' असं लिहायला लावलं. 'यू शुड स्लीप अर्ली', लवकर झोपलेलं बरं. आता पेन मागायला कुणी शुड वापरणार नाही. पेन मागायचा शब्द 'वाँट', तो वेगळ्या पानावर.

९ डिसेंबर, सोमवार

आजचा तास फसला असता. एकीने लिहिलं होतं, 'यू मस्ट नॉट कम ऑन संडे.' तिला म्हणायचं होतं, रविवारी यायला नको. पण तिने लिहिलं त्याचा अर्थ होतो, रविवारी येऊ नको, आलास तर बघ.

फळ्यावर दोन्ही मराठी वाक्यं खाली-वर लिहिली :

रविवारी यायला नको.
रविवारी येऊ नको.

दोन्हीत 'नको' आहे. पण पहिलं ऐकून पोर खूश होतं, दुसरं ऐकून रुसतं. पोरांना मी फरक विचारला नाही, नुसतं दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली आणि त्यांनी चेहऱ्याने उत्तर द्यायचं. अकरा चेहरे एकदा हसले, एकदा पडले. फरक त्यांच्याकडे होता, मी फक्त इंग्रजी डबे दिले. खुशीच्या 'यायला नको'ला 'यू नीड नॉट कम'. रुसव्याच्या 'येऊ नको'ला 'यू मस्ट नॉट कम'. 'डोंट हॅव टू'ही सांगणार होतो, मग थांबलो. एका दिवशी एकच.

हा मुद्दा मोठ्यांनाही चकवतो. गेल्या वर्षी एका इंग्रजी परिपत्रकात 'मस्ट नॉट' वाचून आम्ही शिक्षकांनीच तासभर खल केला होता की हजर राहायचं नाही म्हणजे बंदी आहे की सवलत.

१६ डिसेंबर, सोमवार

शनिवारी दत्तजयंती झाली. चार पोरं घरच्यांबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला, घोड्यांच्या बाजाराला गेली होती, आज घोडे डोक्यात घेऊन आली. 'द हॉर्स कॅन डान्स.' एकाने विचारलं, हा घोडा पाच लाखाचा असला तरी नुसतं कॅनच का? हो, नुसतं कॅनच. कॅनला किंमत विचारून एस लागत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

साने गुरुजींची जयंती. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे पोरांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मग ते मारायचे का?" कार्यक्रमानंतर तास नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून आभाळ. शेतात अजून कापूस उभा आहे, त्यामुळे गावात सगळ्यांची मान वर. हीच वेळ साधून 'मे'चा दुसरा अर्थ काढला, 'इट मे रेन.' येईलही, नाही येणारही.

वर्गात शांतता. मग चष्मेवाली मुलगी म्हणाली, "सर, पावसाला परवानगी कोण देतं?"

पुन्हा तोच तक्ता. 'मे म्हणजे परवानगी', माझ्याच अक्षरातलं. एक शब्द, एक अर्थ असं घट्ट बांधून दिलं होतं, आता तो सुटेना. शेवटी असं सांगितलं : समोर माणूस असेल आणि तो हो-नाही म्हणू शकत असेल, तर मे म्हणजे परवानगी. समोर कुणीच नसेल, नुसतं आभाळ असेल, तर मे म्हणजे 'कदाचित'. पटलं बहुतेकांना. एकाला पटलं नाही, त्याच्या मते आभाळात देव आहे आणि तो हो-नाही म्हणू शकतो. याचं उत्तर व्याकरणात नाही.

कुड, माइट, वुड यंदा घेणार नाही. पाचवीच्या सरांचं काम.

३१ डिसेंबर, मंगळवार

उत्तरचाचणी. आज अठरा हजर, कारण वेचणी उतरणीला लागली. म्हणजे पूर्वचाचणीचे अकरा आणि आजचे अठरा यांची तुलना कशी करायची? अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने आहेत, आधी आणि नंतर. मधल्या पाच आठवड्यांत जे कापसात होते त्यांच्यासाठी रकाना नाही. अकरांचंच लिहिणार आणि खाली टीप देणार.

त्या अकरांत 'आय शुड वन पेन' कुणीच लिहिलं नाही. 'ही कॅन्स' एकाने. 'मी कॅन' मात्र तिघांनी, त्यातल्या एकाने खोडून 'आय' केलंय. खोडलेलं दिसतंय, मला तेवढं पुरे. मस्ट नॉट आणि नीड नॉट यांत अजून पाच जण घोटाळतात. 'मस्त दूध'वाल्याने या वेळी लिहिलंय, 'यू मस्ट ड्रिंक मिल्क', आणि खाली, 'दूध पिनंच पडी'. अहिराणीत उत्तर मागितलेलं नव्हतं. पण 'पिनंच पडी' यात मस्टचा जेवढा जोर आहे तेवढा माझ्या 'पाहिजेच'मध्ये नव्हता. तक्त्यात पहिल्या दिवशी हेच लिहायला हवं होतं.

कापसातून परतलेल्या सातांना सोमवारपासून पहिल्यापासून. पत्रिका जपून ठेवल्या आहेत. एसची सुतळी तुटली आहे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. रिवाजाप्रमाणे आज वर्ग मुलींनी चालवायचा. चौथीची बाई झाली ती कबड्डीवाली, कॅन. चष्मेवाली दारावर पहारेकरी. नियम त्यांनीच ठरवला : आत येणाऱ्याने विचारायचं, पहारेकरणीने 'यू मे' किंवा 'यू मे नॉट' म्हणायचं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यायचं. सकाळपासून सहा जण गेले-आले. दोघांना परत पाठवलं, एकाला हात धुवायला, एकाला उगाच.

साडेअकराला मी कार्यालयातून रजिस्टर घेऊन आलो आणि सवयीने सरळ आत पाय टाकला. चष्मेवालीने हात आडवा केला. वर्ग गप्प.

मी दोन पावलं मागे गेलो. म्हटलं, "मे आय कम इन, मॅडम?" शब्द सुटे सुटे करून.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर पायांवर थांबली. "नो. यू मे नॉट."

"व्हाय?"

ती थोडी अडली. बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलले. आतून कुणीतरी "मस्ट, मस्ट" असं कुजबुजलं, त्याच्याकडे तिने रागाने पाहिलं.

"यू मस्ट रिमूव्ह युवर शूज."

मी बूट काढले. फरशी गार होती.